जुन्या स्टँड-अप जेट स्कीच्या बुडात पाणी मुरलंय: फोम काढायचा का, आणि कसा?

जलवेडा · ९ मार्च, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो. गेल्या ऑक्टोबरात एक १९९२ची यामाहा सुपरजेट विकत घेतली. जेट स्की म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गोव्याला किंवा तारकर्लीला दोघं-तिघं बसून फिरतात ती येते. ही तशी नाही. हिला सीटच नसते. मागे उथळ ट्रे असतो, त्यात आधी गुडघे टेकायचे आणि वेग आला की उभं राहायचं. हँडल एका लांब दांड्यावर असतं, तो दांडा तुमच्याबरोबर वर-खाली होतो. कावासाकीने सत्तरच्या दशकात हा प्रकार बाजारात आणला. यामाहाची सुपरजेट १९९०ला आली आणि पुढची ३० वर्षं टू-स्ट्रोक इंजिनावरच निघत राहिली. कॉलेजात असताना हिचा फोटो पाहिला होता, तेव्हापासून मनात होती.

इंजिन ठणठणीत आहे. अडचण बुडाची आहे. थंडी पडायच्या आधी एकदाच सेंट क्लेअर तळ्यात उतरवली, तर मागची बाजू पाण्याखालीच राहिली. ट्रेमध्ये घोटाभर पाणी, आणि थ्रॉटल पूर्ण दाबूनही ती पाण्यावर यायला फार वेळ घेत होती. घरी आणून ट्रेवर मूठ आपटून बघितली. पुढे टणक, मोकळा आवाज येतो. मागे मात्र भिजलेल्या गादीवर मारल्यासारखा थप्प.

काल दोन वजनकाटे मागे-पुढे ठेवून वजन केलं. पेट्रोल नाही, बॅटरी काढलेली. ९२ अधिक ७५, म्हणजे १६७ किलो. या मॉडेलचं कागदोपत्री कोरडं वजन १३० किलोच्या आसपास आहे. वरचे ३७ किलो म्हणजे ट्रेखालच्या फोममध्ये मुरलेलं पाणीच असणार.

हा फोम सुकवता येतो का? नसेल तर ट्रे न तोडता काढता येतो का? आणि काढल्यावर आत काय भरायचं? कोणी फायबरच्या होडीवर किंवा पीयू (पॉलियुरेथेन) फोमवर काम केलं असेल तर कृपया सांगा.

अवनी · ९ मार्च, रात्री ११:०५

विषय अगदी नवीन आहे, वाचतेय. एक प्राथमिक शंका: आत फोम असतोच कशाला? रिकामी घागरही तरंगते ना?

उभ्याने_स्वार · १० मार्च, सकाळी ७:३०

अवनी, घागर तरंगते ती पाणी आत जात नाही तोवर. स्टँड-अप दर थोड्या वेळाने उलटते, स्वार पाण्यात पडतो, इंजिनच्या खोलीत पाणी शिरतं. हलला, म्हणजे मशीनच्या बाहेरच्या कवचाला, कुठे तडा गेला आणि आतली सगळी हवा निघून गेली, तरी मशीन पृष्ठभागावर राहावं आणि माणसाला धरायला काहीतरी असावं म्हणून फोम. त्यातल्या हवेच्या पेशी बंद असतात, त्यामुळे फुटलेल्या हलमध्येही तो तरंगत ठेवतो. दुसरं काम म्हणजे ट्रेला खालून आधार देणं. त्या पातळ पत्र्यावर ८० किलोचा माणूस उड्या मारत असतो.

जलवेडा, मी ॲरिझोनात असतो, तीन जुन्या स्टँड-अपवर हे काम केलंय. आधी एवढंच सांगतो, पुढचा फोम कोरडा असेल तर त्याला हात लावू नका.

कर्लीकाठ · १० मार्च, दुपारी २:१८

दादा, मी मालवणजवळचा. वडिलांपासून होड्यांचं काम, गेली २२ वर्षं फायबरच्या होड्या दुरुस्त करतो. तुमची ही उभी जेट स्की मी प्रत्यक्ष पाहिलेली नाही, पण फोममध्ये पाणी मुरणं हे माझं रोजचं दुखणं आहे. मासळीच्या होड्यांत बर्फाचा कप्पा असतो, त्याच्या दोन भिंतींमध्ये पीयू फोम भरलेला असतो. आठ-दहा वर्षांनी मालक येतो आणि म्हणतो, होडी जड झाली, डिझेल जास्त पिते. कप्पा उघडला की आत काळपट, कुबट वासाचा लगदा.

माझं म्हणणं एकच आहे, ते आधी ऐका. फोम गुन्हेगार नाही. पाणी कुठून तरी आत आलंय, ती वाट सापडेपर्यंत नवा फोम भरू नका. एका होडीला हे दुखणं तीन वेळा झालं. पहिल्या दोन वेळा दुसऱ्या ठिकाणी फोम बदलून झाला होता. तिसऱ्या वेळी ती माझ्याकडे आली, तेव्हा कप्पा कोरडा करून आत दिवा लावला आणि बाहेरून बघितलं, तर एका बोल्टच्या भोकाभोवती उजेडाची बारीक कडी दिसली. तेवढंच होतं. दोन वर्षांची कमाई त्या मालकाने फोमवर घातली होती.

आता तपासायचं कसं? ट्रेच्या मागच्या बाजूला पायाखालची मॅट थोडी उचलून एक छोटी खिडकी पाडा. १० सेंटिमीटर लांब, रुंद, उंच असा फोमचा चौकोनी तुकडा सुरीने कापून काढा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. तो बरोबर एक लिटरचा तुकडा होतो. कोरडा असेल तर ३०-३५ ग्रॅम भरतो. बाकी काटाच सांगेल.

जलवेडा · १४ मार्च, रात्री ९:४०

कर्लीकाठ, हे आज केलं. तीन तुकडे काढले.

पुढच्या नाकाजवळचा: ३४ ग्रॅम.
ट्रेखाली, वरच्या थरातला: ३९० ग्रॅम.
ट्रेखाली, तळाचा: ७१० ग्रॅम.

तळाचा तुकडा हातात घेतला तेव्हा विश्वास बसेना. ओल्या विटेसारखा. दाबला की कडेने पाणी झिरपतं, पण पूर्ण पिळून निघत नाही, सोडला की पाणी परत आत ओढून घेतो. रंग मधासारखा पिवळा असायला हवा, तो चहासारखा झालाय.

एक विचारू का? गॅरेजमध्ये हीटर लावून, व्हॅक्यूम लावून हे पाणी ओढून घेता येणार नाही का? ट्रे कापायला मन धजत नाहीये.

रसायनी · १५ मार्च, सकाळी ८:५०

मी केमिकल इंजिनिअर, नोकरीतली बारा वर्षं फ्रिजच्या कारखान्यात पीयू फोमच्या लाइनवर गेली. सुकवण्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न शीतगृहवालेही नेहमी विचारतात.

हा फोम दोन द्रवांपासून बनतो, पॉलिओल आणि आयसोसायनेट. दोन्ही मिसळले की उष्णता सुटते, वायू तयार होतो आणि लाखो बारीक फुगे जागच्या जागी कडक होतात. चांगल्या फोममध्ये दहातले नऊ फुगे पूर्ण बंद असतात. तुमच्या हलच्या काळात फुगवण्यासाठी सीएफसी-११ सर्रास वापरत, ओझोनच्या कारणाने तो पुढे बंद झाला.

बंद फुग्यात पाणी शिरतं कसं? नुसत्या पाण्याला ते अवघड आहे, पण वाफेला नाही. फुग्याची भिंत फार पातळ असते आणि वाफ तिच्यातून हळूहळू पार होते. एक बाजू गरम आणि दुसरी थंड असली की वाफ थंड बाजूला जाते आणि तिथे तिचं पाणी होतं. शीतगृहाची पॅनेलं अशीच वर्षानुवर्षं जड होत जातात, कुठे चीर नसतानाही. तुमच्याकडे त्यात मिशिगनचा हिवाळा आला. पाण्याचा बर्फ होताना आकारमान ९ टक्के वाढतं. भरलेला फुगा गोठला की भिंत फुटते, शेजारच्या फुग्याला वाट मिळते, पुढच्या वर्षी तोही भरतो. असे तीस हिवाळे झालेत.

म्हणून सुकवून उपयोग नाही. पाणी निघालं तरी फुटलेल्या भिंती जुळत नाहीत. तो फोम आता स्पंज आहे, पहिल्याच फेरीत पुन्हा भरेल. खात्री करायची असेल तर ७१० ग्रॅमचा तुकडा हीटरच्या झोतासमोर ठेवा आणि रोज वजन लिहा.

एक कळकळीची विनंती: कोणी सांगितलं तरी हा फोम जाळून किंवा तापवून काढू नका. जळताना त्यातून हायड्रोजन सायनाइड आणि कार्बन मोनॉक्साइड निघतो. ॲसिटोनने तो विरघळतही नाही. हातानेच कोरून काढावा लागतो.

जलवेडा · २५ मार्च, रात्री ८:१५

रसायनीताई, तुकडा दहा दिवस हीटरसमोर होता. ७१० वरून ४५५ ग्रॅम. बाहेरून खडखडीत, मधोमध कापला तर आत अजून ओला. उघड्यावर ठेवलेल्या एका तुकड्याची ही गत, तर ट्रेखाली कोंडलेल्या फोमचं काय होणार. कापायचं ठरलं.

उभ्याने_स्वार · २६ मार्च, सकाळी ६:५५

बरं झालं. आता कापण्याबद्दल.

पेट्रोलची टाकी, बॅटरी, इंजिन, एक्झॉस्ट सगळं बाहेर काढा. ही पायरी टाळणारे मी पाहिलेत. बुडात पेट्रोलची वाफ बसलेली असते आणि कटरची ठिणगी तिला पुरते. हल एक दिवस उघडा ठेवा, साबणाने धुवा, मगच मशीन चालवा.

ट्रेच्या मधोमध खाली जेट पंपाचा (पाणी मागे फेकून मशीन पुढे ढकलणाऱ्या पंपाचा) बोगदा आहे, फोम त्याच्या दोन्ही बाजूंना आहे. म्हणून मध्ये कापायचं नाही. डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा दोन लांब खिडक्या आखा, काठापासून चार सेंटिमीटर आत. ही चार सेंटिमीटरची पट्टी म्हणजे झाकण परत बसवायचा ओठ, ती राहिलीच पाहिजे. कोपरे गोल ठेवा, काटकोनातून पुढे तडा धावतो. पात्याची खोली पाच-सहा मिलिमीटरवर बांधा. स्टिअरिंगची केबल आणि पाण्याच्या नळ्या कुठून जातात ते आधी इंजिनच्या बाजूने टॉर्च लावून बघा आणि ट्रेवर खडूने काढून ठेवा.

काही जण ट्रे न कापता इंजिनकडच्या आडव्या भिंतीला भोकं पाडून तिकडून फोम ओढतात. मी पहिल्या मशीनला तेच केलं. हात पोचत नाही, मागचा एक वीतभर फोम तसाच राहतो, आणि सगळ्यात ओला तोच असतो.

कर्लीकाठ · २६ मार्च, सायंकाळी ५:२२

हत्यारांचं सांगतो. लांब गिरमिट घ्या, लाकडाला भोक पाडायचं असतं तसं, दीड-दोन फुटी. आधी त्याने फोमला जवळजवळ भोकं पाडत जायचं, म्हणजे तो सैल पडतो. मग दातेरी सुरी, आणि तळाला खुरपं. खुरप्याची मान भट्टीत तापवून वाकवली की कोपऱ्यात जातं. पटाशी वापरू नका, एक घाव चुकला की बूड फुटलं.

फायबरची कूस अंगात जाते. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, चांगला मास्क. काम झालं की आधी गार पाण्याने अंग धुवायचं, गरम पाणी घेतलं की खाज चौपट.

अवनी · २६ मार्च, रात्री १०:००

आणि तो चुरा तळ्यात किंवा गटारात जाऊ देऊ नका प्लीज. खाली ताडपत्री अंथरा.

जलवेडा · १३ एप्रिल, रात्री ११:३०

तीन शनिवार-रविवार गेले. फोम निघाला. जमेल तसं लिहितो.

खिडक्या आखल्या आणि पहिला काप घेतला. पातं आत गेल्याबरोबर कापातून तपकिरी पाणी वर आलं. उजवी बाजू उघडल्यावर झाकण उचलायला गेलो तर ते फोमला चिकटून बसलेलं, खाली पातळ सुरी सरकवत सरकवत सोडवावं लागलं. वास कुबट, पावसाळ्यात बंद राहिलेल्या घरासारखा.

गिरमिटाची युक्ती अगदी योग्य. वरचा अर्धा फोम चौकोनी ढेकळांत निघाला. तळाचा मात्र हलला घट्ट धरून होता. तो खुरप्याने खरवडत, इंच-इंच. मागच्या कोपऱ्यात तर फोम उरलाच नव्हता, बोटांनी काढावा असा चिखल होता. शेवटची साय वायरच्या गोल ब्रशने ड्रिलवर काढली. प्रेशर वॉशर वापरायचा मोह झाला, पण अवनीचं वाचलं होतं, चुरा सगळीकडे गेला असता. ताडपत्रीवरचा चुरा झाडून पिशव्यांत भरला, पिशव्या कचरा केंद्रावर दिल्या.

प्रत्येक पिशवीचं वजन वहीत लिहिलंय. एकूण ४१ किलो. दोन्ही बाजूंची पोकळी मी बादलीने तांदूळ मापावा तसं पाणी भरून मोजली, ती साधारण ७० लिटर. म्हणजे तिथे कोरडा फोम जेमतेम सव्वादोन किलो असायला हवा होता.

पुढचा नाकातला फोम कोरडा आहे, त्याला हात लावला नाही.

कर्लीकाठ · १४ एप्रिल, दुपारी १:१०

शाब्बास दादा. आता पाण्याची वाट शोधा, आत्ता हल रिकामा आहे तोवरच सोपं आहे.

एक्झॉस्ट, पाण्याच्या नळ्या, हवेच्या वाटा, सगळी तोंडं रबराने किंवा टेपने बंद करा. खिडक्यांवर प्लास्टिक लावून कडा टेपने सील करा. व्हॅक्यूम क्लीनरची फुंकायची बाजू एका भोकातून आत द्या, अगदी हलक्या दाबाने. जास्त दाब दिला तर जोडच उकलेल. मग बाहेरून साबणाचं पाणी ब्रशने लावत फिरा. जिथे फेस जिवंत होतो तिथे वाट आहे. वरचा आणि खालचा अर्धा भाग जिथे चिकटवलेला असतो, ती कड पूर्ण फिरून बघा.

जलवेडा · १९ एप्रिल, सायंकाळी ६:४५

वाटा सापडल्या. एक नाही, पाच.

आधीच्या मालकाने पाय अडकवायचे पट्टे ट्रेला बसवले होते, आपोआप आटे पाडणाऱ्या साध्या स्क्रूंनी. ते स्क्रू ट्रे भेदून सरळ फोममध्ये गेले होते. पुढे पट्टे काढून टाकले आणि भोकांवर मॅट चिकटवली. चारही भोकांवर साबणाचे बुडबुडे फुगले, वाटाण्याएवढे, एकामागून एक. पाचवी वाट मागच्या डाव्या कोपऱ्यात, जोडाच्या कडेला. नखाएवढी चीर. डोळ्यांना दिसतच नव्हती, फेस लावल्यावर दुधाच्या सायीसारखी थरथरायला लागली.

इतक्या वर्षांचं जवळपास ३९ किलो पाणी या पाच जागांतून आलंय हे बघून मी बराच वेळ तिथेच बसून राहिलो.

आता भरायचं काय? काही जण पोहण्याच्या तलावातले फोमचे नूडल कोंबतात. ते पाणी पीत नाहीत, आणि पुढे काढताही येतात.

कर्लीकाठ · २० एप्रिल, सकाळी ११:२०

नूडल चालतील, थर्माकोल मात्र नको. पॉलिस्टर रेझिन लागलं की थर्माकोल विरघळतो, पेट्रोल लागलं तरी विरघळतो. एका छोट्या होडीत कोणीतरी थर्माकोलच्या लाद्या भरलेल्या होत्या. टाकीचं झिरपलेलं पेट्रोल तिथे गेलं. उघडली तेव्हा लाद्यांच्या जागी तळाला चिकट पापुद्रा होता, बाकी पोकळ.

उभ्याने_स्वार · २० एप्रिल, रात्री ९:०५

नूडलबद्दल हिशेब करू या, अंदाजाने का होईना.

मशीन १३० किलो. त्यात फायबर समजा ५५ किलो. फायबर पाण्याच्या पावणेदोन-दोन पट जड, म्हणजे ते सुमारे ३० लिटर पाणी बाजूला सारतं. लोखंड-ॲल्युमिनियम मिळून ६५ किलो, ते १६ लिटरच्या आसपास सारेल. रबर-प्लास्टिकचे उरलेले १० किलो स्वतःपुरते तरंगतात असं धरा. १३० मधून ५६ गेले, उरले साधारण ७५ किलो. सगळी हवा निघून गेली तर एवढं वजन फोमने पेलायचं आहे, म्हणजे ढोबळमानाने ७५ लिटर फोम. पुढे नाकात किती आहे?

जलवेडा · २० एप्रिल, रात्री ९:५०

मापं घेऊन २८ लिटरच्या आसपास येतोय.

उभ्याने_स्वार · २० एप्रिल, रात्री १०:२०

मग बघा. मागे ७० लिटर पूर्ण भरलात तर एकूण ९८, म्हणजे वीसेक लिटर हाताशी. नूडलमध्ये मधलं भोक आणि दोन नूडलांमधल्या फटी धरल्या तर पोकळीचा दोन तृतीयांशच भाग भरतो, ४५-४७ लिटर. एकूण ७३-७५. जेमतेम, आणि थोडं चुकलं तर बुडेल. मागचं रिकामं ठेवलंत तर २८ लिटरवर काहीच होणार नाही.

कसरती करणारे स्वार वजनासाठी फोम काढून टाकतात, हवेच्या पिशव्या लावतात. त्यांच्या आजूबाजूला माणसं असतात, बोट असते. तुम्ही मोठ्या तळ्यावर एकटे जाणार. माझं मत: ओतायचा फोमच भरा. ट्रेला आधारही मिळेल.

रसायनी · २१ एप्रिल, सकाळी ९:१५

ओतायचा फोम घेणार असाल तर घाई नको.

घनता ३२ किलो प्रति घनमीटरची घ्या, बंद पेशींची, बोटींसाठी असते ती. ७० लिटरला सव्वादोन किलो द्रव लागेल, थोडं जास्त आणा. मिश्रण तिसेक पट फुगतं.

थंडीत ओतू नका. द्रव आणि हल, दोन्ही २४ अंशांच्या आसपास हवेत. गार हलवर फोम नीट फुगत नाही, घट्ट आणि ठिसूळ होतो. तुमच्याकडे त्यासाठी जून उजाडेल, थांबा.

हल पूर्ण कोरडा हवा. आयसोसायनेट पाण्याशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड सोडतो. ओल राहिली तर मोठमोठी भोकं असलेला कमजोर फोम तयार होतो, जो पुढे पाणी पितो. ज्या कारणाने हे सगळं केलंत तेच पुन्हा घडेल.

दोन्ही भाग मोजून समान घ्या, अंदाजाने नाही. आधी एका कागदी कपात करून बघा. ढवळायला वीस-पंचवीस सेकंदच मिळतात.

एकदम सगळं ओतू नका. फोम उष्णता धरून ठेवतो. मोठा गोळा एकदम झाला की आतून करपतो, पेटही घेऊ शकतो. शिवाय फुगताना जोर इतका असतो की ट्रे आणि बूड दोन्ही फुगवून टाकेल. थोडं थोडं, थरांत, प्रत्येक थर गार झाल्यावर पुढचा. हवेला बाहेर पडायला वाट ठेवा.

आयसोसायनेटची एकदा ॲलर्जी जडली की पुढे आयुष्यभर अगदी थोड्या वाफेनेही दमा उठतो. आमच्या लाइनवरच्या एका सहकाऱ्याला त्यापायी खातं बदलावं लागलं. गॅरेजचं दार सताड उघडं, कार्बन कार्ट्रिजचा मास्क, हातमोजे, चष्मा.

कर्लीकाठ · २१ एप्रिल, दुपारी ३:००

यात माझी एक भर. दोन्ही पोकळ्यांच्या सगळ्यात खालच्या जागी पाणी सोडायचा छोटा पितळी प्लग बसवा. फोम ओतताना तिथे मेण लावलेली नळी उभी ठेवा, नंतर ओढून काढा. म्हणजे पुढे कधी पाणी आलंच तर त्याच फेरीत कळेल.

झाकणं बसवताना साधं पॉलिस्टर रेझिन आणि काचेच्या धाग्यांची मॅट, हार्डनर नीट मोजून.

उभ्याने_स्वार · २१ एप्रिल, रात्री ८:४०

कर्लीकाठ, तुमच्या हाताने घडवलेल्या होडीला पॉलिस्टर चालतं, इथे नको. या हल एसएमसीच्या असतात. रेझिन आणि काचेचे तुकडे आधीच मिसळलेला तक्ता तापलेल्या साच्यात दाबून बनवलेल्या. साच्यातून सुटावं म्हणून त्यात मेणासारखं द्रव्य मिसळलेलं असतं. त्यावर पॉलिस्टर नीट धरत नाही, वर्षा-दोन वर्षांत पापुद्र्यासारखं सुटतं. खरबरीत घासून इपॉक्सीच लावावी. आणि इपॉक्सीबरोबर साधी मॅट नको, विणलेलं किंवा शिवलेलं कापड घ्या. मॅटमधले धागे ज्या डिंकाने धरलेले असतात तो पॉलिस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही.

कर्लीकाठ · २२ एप्रिल, सकाळी १०:०५

हे नवीन कळलं. आमच्याकडे सगळं हाताने घातलेलं फायबर. दादा, तुम्ही इपॉक्सीच वापरा.

जलवेडा · १५ जून, रात्री १०:४०

बरेच दिवस गायब होतो. गॅरेज २४ अंशांवर यायची वाट बघत होतो. मधल्या वेळात भोकं आणि जोडाची चीर उतरती घासून, कापड आणि इपॉक्सीने आतून-बाहेरून बंद केली. साबणाची परीक्षा पुन्हा घेतली, एकही बुडबुडा नाही. पितळी प्लग बसले.

मग फोम. कपातला पहिला प्रयोग मुलीसमोर केला. चाळीस सेकंद काहीच होत नाही, पातळ काकवीसारखं दिसतं. मग रंग फिका पडतो, कप हाताला कोमट लागतो आणि दूध उतू जावं तसं वर येतं. पहिल्या कपातला फोम वरून चिकट राहिला, मी मोजायला चुकलो होतो. दुसरा चांगला झाला: नखाने दाबला की दबून परत आला, कापल्यावर पेशी रव्यासारख्या बारीक. त्याचाही एक लिटरचा तुकडा करून रात्रभर पाण्यात बुडवून ठेवला, वर वीट ठेवून. सकाळी पुसून वजन: ३६ ग्रॅम. कोरडा असताना ३३ होता.

प्रत्यक्ष ओतणं अकरा थरांत, दोन दिवस. एकदा घाई झाली, डावीकडे एक थर मोठा पडला आणि झाकणाच्या ओठावरून फुगून बाहेर आला. सुदैवाने झाकण बसवलेलं नव्हतं. सुरीने सपाट केला, पॉलिशपेपर मारला, मग झाकणं इपॉक्सीने बसवून वर दोन थर कापड. आता ट्रेवर मूठ आपटली की पुढे-मागे एकच आवाज येतो.

इंजिन बसवायच्या आधी एक परीक्षा घ्यायची आहे, त्यात मदत हवी. हल मुद्दाम पाण्याने भरून बघायचा आहे. इंजिनच्या जागी वजन काय ठेवू? पिशव्यांत ६५ किलो खडी?

उभ्याने_स्वार · १६ जून, सकाळी ७:१०

खडीत चूक होईल. पाण्याखाली खडीचं वजन बरंच कमी भरतं. इंजिन-पंपाचं पाण्याखालचं वजन साधारण ४९ किलो. तेवढं यायला खडी ७९ किलो लागेल. व्यायामाच्या लोखंडी प्लेटा असतील तर ५७ किलो पुरे.

जलवेडा · २२ जून, रात्री ९:२०

शेजाऱ्याकडून प्लेटा आणल्या, ५७ किलो, इंजिनच्या माउंटना दोराने बांधल्या. कमरेएवढ्या पाण्यात आम्ही तिघं उभे, मागच्या कडीला लांब दोर बांधलेला. झाकण उघडं ठेवून हल तिरका केला आणि पाणी आत सोडलं. बराच वेळ बुडबुड आवाज येत राहिला. खाली जाऊ लागली तेव्हा माझा हात दोरावर घट्ट झाला होता.

मग ती थांबली. नाक पाण्याबाहेर एक वीतभर, ट्रेची मागची कड पाण्याला टेकलेली. मुलगी तिच्या नाकावर दोन्ही हातांनी लोंबकळली, तरी खाली गेली नाही. अर्धा तास तशीच ठेवली. पातळी बोटभरही बदलली नाही.

अवनी · २२ जून, रात्री ९:४५

हे वाचताना मीच श्वास धरून बसले होते. फार छान.

जलवेडा · २० जुलै, रात्री १०:०५

इंजिन चढवून वजन केलं: १३१ किलो. सहा वेळा तळ्यात नेली. ट्रेमध्ये पाणी साठत नाही, थ्रॉटल दिल्यावर दोन-तीन सेकंदांत वर येते. घरी आल्यावर नाक उंच टेकवून दोन्ही प्लग उघडतो. अजून एक थेंबही आलेला नाही, प्लगच्या आट्यांवर लावलेलं ग्रीस जसंच्या तसं पांढरं आहे.

खाडीवेडी · २ ऑगस्ट, दुपारी १२:३०

पूर्ण धागा वाचला. माझ्या भावाकडे टेक्ससमध्ये कावासाकी ५५० आहे, तीही मागून जड वाटते. तिकडे बर्फ क्वचितच पडतो, तरी हेच असेल का?

जलवेडा · २ ऑगस्ट, सायंकाळी ७:५०

खाडीवेडी, बर्फ नसला तरी स्क्रूची भोकं असतीलच. भावाला सांगा, कापायच्या आधी पेट्रोल काढून दोन काट्यांवर वजन करा, ट्रेवर मूठ आपटून आवाज ऐका, आणि मॅटच्या कडेने एक लिटरचा तुकडा काढून तोला. तुकड्याचं वजन इथे लिहा, मग पुढचं बोलू.